नागपूरच्या उन्हाळ्यात कोको बटर: कपाटात ठेवावं की फ्रिजमध्ये?

कोको बटर म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी. ती साधारण 34 ते 38 अंशांना वितळते. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो आणि दुपारी बंद स्वयंपाकघर किती तापतं ते आपण जाणतोच. त्यामुळे पाकिटावरचं 'थंड, कोरड्या जागी ठेवा' इथल्या उन्हाळ्याला पुरत नाही.

हिवाळ्यात मात्र कपाटच बरं. गॅसपासून लांब, उजेड न येणारा खण निवडा. हिंग, मसाले, अगरबत्ती शेजारी नकोत. हे बटर आजूबाजूचा वास चटकन ओढून घेतं.

मार्च संपत आला की माझं मत स्पष्ट फ्रिजच्या बाजूने आहे. वितळलं म्हणून बटर लगेच नासत नाही, पण उष्णता, उजेड आणि हवा मिळून ते खवट व्हायला वेग देतात. फ्रिजमध्ये सांभाळायची ती ओल. गार डबा बाहेर काढून लगेच उघडला, त्यात खोलीत कूलर चालू असला, की दमट हवेतलं पाणी थेट बटरवर जमतं. म्हणून डबा तास-दोन तास बंदच बाहेर राहू द्या, मग उघडा. एक किलोची लादी असेल तर शंभर-शंभर ग्रॅमचे तुकडे करून वेगवेगळे घट्ट गुंडाळा, म्हणजे लागेल तेवढंच बाहेर येईल. एकदा फ्रिजमध्ये गेलेला साठा दिवाळीपर्यंत तिथेच राहू द्या. फ्रीझरची गरज घरगुती वापराला सहसा पडत नाही.

डबा घट्ट झाकणाचा स्टीलचा घ्या. काचेची बरणीही चालते, फक्त तिला कागद गुंडाळा. तांब्या-पितळेची भांडी अजिबात नकोत, तांब्यामुळे चरबी लवकर खवट होते.

आता बिघाडाचं. वर पांढरट थर आला, किंवा उन्हाळ्यात कुरिअरने आलेली लादी वितळून पुन्हा गोठली आणि रवाळ झाली, तर घाबरून फेकू नका. चरबीचे स्फटिक वेगळ्या तऱ्हेने जमलेत, एवढंच. पूर्ण वितळवून लवकर गार केलं की लिप बाम किंवा क्रीमसाठी ते पुन्हा गुळगुळीत होतं. चॉकलेट करायचं असेल तर टेम्परिंग, म्हणजे ठरावीक तापमानांना वितळवून-गार करून स्फटिक हवे तसे जमवणं, नीट करावं लागेल.

खरी परीक्षा वासाची. चमचाभर बटर वाटीत घेऊन वाटी गरम पाण्यात ठेवा आणि वितळल्यावर हुंगा. चांगल्या बटरला कोकोचा मंद वास येतो. बिघडलेल्याला जुन्या शेंगदाण्यासारखा खवट, कधी रंगाच्या डब्यासारखा उग्र वास येतो आणि चव घशाला खवखवते. डिओडराइज्ड, म्हणजे वास काढून टाकलेल्या प्रकारात मुळात वास नसतो, त्यामुळे खवटपणा लगेच कळतो. नैसर्गिक प्रकारात कोकोचा सुगंध तो सुरुवातीला झाकतो, म्हणून तिथे चवही घेऊन पाहा. नवखे असाल आणि क्रीमसाठीच हवं असेल, तर मी डिओडराइज्डच सुचवेन.

खवट झालेलं बटर उकळून किंवा अत्तर घालून सुधारत नाही. ते ओठांना, बाळाच्या अंगाला लावू नका. हिरवे-काळे ठिपके दिसले तर पाणी शिरून बुरशी धरली आहे. तेवढाच भाग खरवडून उरलेलं वापरू नका, सगळंच टाका.