खाडीत गरवायचा सेट: 4000 ची रील, सात फुटी रॉड आणि ब्रेड, आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ-नऊ महिने खाडीत, नदीच्या मुखाशी आणि कांदळवनातल्या ओहोळांत मासे गरवायला मी एकच सेट वापरतोय. 4000 साइझची स्पिनिंग रील, सात फुटी मीडियम-हेवी रॉड (10 ते 30 ग्रॅम वजन फेकणारा), पीई 2 जाडीची आठपदरी ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे 40 पौंडी फ्लुरोकार्बन लीडर (आमिषाजवळचा टणक दोरीचा तुकडा). कधी काठावरून, कधी छोट्या होडीतून. नवा सेट पहिल्या महिन्यात सगळ्यांनाच आवडतो, त्यामुळे तेव्हा काही लिहिलं नाही. आता मीठ, चिखल आणि कालवांच्या धारा सगळं अंगावर घेऊन झालंय, तेव्हा बोलायला हरकत नाही.

आधी ड्रॅगबद्दल, म्हणजे मासा ओढू लागला की स्पूल (दोरी गुंडाळलेली फिरकी) किती ताणावर सुटायची ते ठरवणाऱ्या ब्रेकबद्दल. रीलच्या खोक्यावर जास्तीत जास्त ड्रॅग 10-12 किलो असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं आणि घेणारा तोच आकडा बघतो. खाडीत त्या आकड्याचा फारसा उपयोग नाही. पीई 2 ची ब्रेड साधारण 30 पौंडांची, म्हणजे साडेतेरा किलोंची. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर लावायचा, म्हणजे काटा लावून मोजला तर साडेतीन ते साडेचार किलो. खरी परीक्षा असते ती एवढ्या ताणावर स्पूल अडखळते की सलग सुटते याची. तांबोशी मुळांच्या आडून झडप घालते आणि आमिष तोंडात धरून उलट्या पावली त्याच मुळांत शिरते. हा सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा. त्या वेळी ड्रॅग क्षणभर जरी चिकटला तरी लीडर तुटतो, आणि ढिला असेल तर मासा मुळांत जाऊन बसतो. या रीलमध्ये कार्बनच्या चकत्या आहेत आणि इतक्या महिन्यांनंतरही पहिला हिसका बसताच स्पूल बिनधक्का सुटते. माझ्या लेखी पैसे इथेच वसूल झाले.

रॉडची लांबी हा वादाचा विषय आहे, पण कांदळवनात सात फुटांच्या वर जाऊ नये असं माझं ठाम मत झालंय. डोक्यावर फांद्या, मागे फांद्या, बाजूने हात फिरवून कास्ट करायची वेळ सारखी येते. नदीच्या मुखाशी मोकळ्या चिखलावर उभं राहिलं की आठ-नऊ फुटी रॉडची आठवण येते खरी, कारण तिथे दूर फेकावं लागतं. एका रॉडात दोन्ही मिळत नाही. आणखी एक मर्यादा म्हणजे पाच ग्रॅमचं हलकं जिगहेड (वजनदार डोक्याचा गळ) या रॉडने धड जात नाही. पाणी स्वच्छ आणि संथ असताना बारीक आमिष लागतं, तिथे हा सेट कमी पडतो.

रॉडच्या बाबतीत एक गोष्ट मध्येच उपटली. ब्रेड शेवटच्या काही मीटरांत सारखी पिंजल्यासारखी होऊ लागली. दोष दोरीला द्यावा असंच कुणालाही वाटेल. कापसाचा छोटा बोळा प्रत्येक गाइडच्या (रॉडवरून दोरी नेणाऱ्या) कडीतून ओढून पाहिला. टोकाच्या कडीत त्याचे दोन तंतू अडकले. सिरॅमिकला केसाएवढी चीर गेलेली, डोळ्यांना न दिसणारी. टोकाचा गाइड गरम करून काढला, नवा बसवला, पिंजणं बंद. रॉड गाडीतून नेताना टोक कशावर तरी आपटलं की हे होतं, म्हणून आता दर थोड्या दिवसांनी कापूस फिरवतो.

ब्रेडचा रंग पहिल्या दोन महिन्यांतच उडाला, त्याने काही बिघडत नाही. झिजते ती पुढची आठ-दहा मीटर. बुडाशी कालवं असलेल्या जागी दोरी घासली की बोटांच्या चिमटीत ओढून बघायचं, खरखर लागली तेवढा तुकडा कापून टाकायचा. आता अर्धी स्पूल अशी झिजल्यावर दोरी उलटी करून भरलीय, तळाची कोरी बाजू वर आली. नवी दोरी घेण्याआधी हा उपाय नक्की करा. स्पूलच्या तळाला थोडी नायलॉनची दोरी घालायला मात्र विसरू नका, नाहीतर नुसती ब्रेड गुळगुळीत स्पूलवर सरकत राहते आणि ड्रॅग बिघडल्याचा भास होतो.

फ्लुरोकार्बन पाण्यात दिसत नाही म्हणून वापरावा, असं म्हणतात. खाडीचं पाणी गढूळ, तिथे दिसण्याचा प्रश्न दुय्यम. मी वापरतो तो घासायला टणक असतो म्हणून. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते आणि तो पाण्याबाहेर उसळी मारून डोकं झटकतो. नुसती ब्रेड त्या कडेला लागली की संपली. दीड हात ते दोन हात लीडर, एफजी गाठीने जोडलेला. ही गाठ बारीक असल्याने गाइडमधून अडखळत नाही, फक्त वाऱ्यात उभं राहून बांधायची सवय करावी लागते.

आता तक्रार. रीलचा सगळ्यात कच्चा भाग लाइन रोलर. जाहिरातीत बॉल बेअरिंगची संख्या सांगतात, पण दोरी ज्या एका छोट्या बेअरिंगवरून खाऱ्या पाण्यासकट फिरते ते पहिलं जातं. चौथ्या-पाचव्या महिन्यात गुंडाळताना बारीक कुरकुर येऊ लागली. रोलरवर नख टेकवून फिरवलं तर आत रेती असल्यासारखं लागत होतं. उघडलं तर बेअरिंगवर तांबूस गंज. हँडल, मुख्य गिअर, अँटी-रिव्हर्स (हँडल उलटं फिरू न देणारा भाग) सगळं ठणठणीत. बेअरिंग बदलायला दहा मिनिटं लागली, पण ज्या रीलवर खाऱ्या पाण्यासाठी असं ठळक लिहिलेलं आहे तिथे ही जागा नीट सीलबंद हवी होती. रोलर जाम झाला की तो फिरत नाही, दोरी त्याच्यावर घासत राहते, आणि नुकसान दुहेरी होतं.

म्हणून धुण्याची पद्धत सांगतो. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करायचा, म्हणजे चकत्यांत पाणी जात नाही. मग गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली रील धरायची. जोराची धार नको, त्याने मीठ आतच ढकललं जातं. बादलीत बुडवून ठेवायचं तर अजिबात नाही. रील रॉडवरून काढूनच धुवायची, कारण रीलचा पाय आणि रॉडवरची सीट यांच्या फटीत मीठ साचून तिथेच धातूला फोड येतात. स्पूल वेगळी, कारण ब्रेडच्या थरांखाली खारं पाणी राहतं. पुसून, ड्रॅग पूर्ण सैल करून सावलीत वाळवायची, रोलरवर एक थेंब तेल. दोन तुकड्यांच्या रॉडच्या सांध्यातला चिखलही कापडाने पुसून घ्या, नाहीतर ते कण सांधा खातात.

सेट सगळ्यात जास्त खुलतो तो ओहोटीला. भरतीत कांदळवनात पसरलेली कोळंबी आणि बोयची पिल्लं पाणी उतरताना ओहोळांतून बाहेर पडतात आणि मोठा मासा नेमका ओहोळाच्या तोंडाशी, प्रवाहाच्या कडेला उभा राहतो. प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेकून जिगहेड वाहत खाली येऊ द्यायचं. ब्रेड ओढली तरी जवळजवळ लांबत नाही, त्यामुळे जिगहेड बुडाला टेकल्याचा टक्, चिखल सोडून शिंपल्यांवर आल्याची खरखर, सगळं हातात कळतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरात, तेव्हा 20 ग्रॅमच्या खाली काही टिकत नाही. अष्टमीच्या भांगाला पाणी मंद, तेव्हा 10 ग्रॅम पुरे. उथळ जागी पॉपिंग कॉर्क लावून पाहिला. मिसिसिपीच्या त्रिभुज प्रदेशात आणि मेक्सिकोच्या आखाताच्या दलदलीत रेड ड्रमसाठी हाच प्रकार सर्रास चालतो. झटका दिला की कॉर्क पाण्यावर आवाज करतो आणि खाली कोळंबीच्या आकाराचं आमिष उचललं जातं. लांब लीडरसकट तो फेकताना सात फुटी रॉड थोडा अडतो, पण जमतं.

जिवंत आमिषाला मी आता फक्त सर्कल हुक (टोक आत वळलेला गळ) लावतो. झटका मारायचा नाही, दोरी ताणत सलग गुंडाळायचं, हुक ओठाच्या कोपऱ्यात बसतो आणि मासा सोडायला सोपा जातो. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, म्हणजे मोठा जिताडा बहुतेक अंड्यांवरची मादीच. असा मासा पाण्यातच धरून, फोटोच्या नादात न लटकवता परत जाऊ द्यावा, ही माझी कळकळीची विनंती.

खाडीत नियमित गरवणाऱ्याला हा सेट मी निःशंक सुचवेन, फक्त रील घेतानाच लाइन रोलरचं एक जादा बेअरिंग आणि एक जादा स्पूल घ्या. दुसऱ्या स्पूलवर मी पीई 1.2 भरून ठेवलीय, हलक्या जिगहेडसाठी. रॉड मात्र त्यासाठी वेगळा लागणार, तो अजून शोधतोय.