आजीच्या बायबलची बांधणी : नाशिकच्या भांडी बाजारातल्या बाइंडर काकांकडचा अनुभव

जुनं पुस्तक नुसतं नवं दिसायला हवं असेल, तर या दुकानात जाऊ नका. कॉलेज रोडला यापेक्षा चकाचक काम दुपारपर्यंत हातात मिळतं, सोनेरी अक्षरांसकट. पण पुस्तकात घरच्या माणसांचं हस्ताक्षर असेल, तर भांडी बाजाराच्या मागच्या बोळात, जिन्याखाली हे दुकान शोधा. पाटी नाही. पुठ्ठ्यांचा ढीग आणि खळीचा आंबूस वास, एवढीच खूण.

आमचं पुस्तक म्हणजे आजीचं मराठी बायबल, १९३८ साली तिला लग्नात मिळालेलं. पणजोबा छप्पनच्या (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००च्या) दुष्काळात पोरके होऊन शरणपूरला आले. शरणपूर म्हणजे १८५४ साली मिशनने वसवलेली ख्रिस्ती वस्ती. आता लोकांना शरणपूर रोड माहीत असतो तो ट्रॅफिकमुळे. पणजोबांना स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती, म्हणूनच बहुधा आमच्या घराला तारखा लिहून ठेवायचं वेड लागलं. पुढच्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मयत, सगळं ओळीने. माझा बाप्तिस्मा धाकट्या काकांच्या लग्नाखाली कसाबसा कोंबलाय.

खरा ऐवज मात्र समासात आहे. बायबलमधल्या 'नीतिसूत्रे' या पुस्तकाचे अध्याय एकतीस, म्हणून आजी तारखेप्रमाणे वाचायची. बारा तारीख, बारावा अध्याय. स्टोव्हवर चहा उकळेपर्यंत एक अध्याय होतो, असा तिचा हिशेब. ती पानं सगळ्यात जास्त झिजलीत आणि कडेला शिसपेन्सिलीच्या बारीक नोंदी आहेत. पंधराव्या अध्यायात मृदू उत्तराने राग निवळतो असं वचन आहे. त्याच्या शेजारी 'नळावर. १९७२.' एवढंच. दुष्काळाचं साल, हंड्यांची रांग. तिथे आजी कुणाला काय म्हणाली, हे आत्याला विचारलं की ती नुसती हसते. तिसाव्या अध्यायात गरिबी नको, श्रीमंतीही नको, पुरेसं अन्न दे, अशी प्रार्थना आहे. तिथे 'पगार झाला' आणि खाली किराण्याची बाकी. आजोबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. दिवसभर नोटांच्या गठ्ठ्यांत वावरायचं आणि महिनाअखेरीस वाण्याकडे उधारी करायची, यातली गंमत आजीने लिहिली नाही, पण तिला ती कळली नसेल असं मला वाटत नाही.

सहाव्या अध्यायात दुसऱ्यासाठी जामीन राहू नये, असा इशारा आहे. तिथे आजोबांच्या एका मित्राचं आडनाव आहे आणि त्यावर इतक्या जोराने काट मारलीय की कागद फाटलाय. चुलतभावाने गाडीच्या कर्जाला माझी सही मागितली, तेव्हा मी ते पान उघडून त्याच्या पुढ्यात ठेवलं. आधी चिडला, मग आडनाव वाचून म्हणाला, "हे तेच का, नाताळला केक घेऊन यायचे ते?" तेच. जामिनाचं वचन मी उपासनेत ऐकलं होतं, पाळकांनी त्यावर चांगला उपदेशही केला होता. पण आमच्या घरात ते शिकवलं त्या फाटक्या कागदाने.

आता सांगा, हे पुस्तक कटरखाली द्यायचं? एका ठिकाणी "तिन्ही बाजू दोन-दोन सूत काढून साफ करू" असं ऐकलं. दुसरीकडे सगळ्या पानांना लॅमिनेशन सुचवलं. ते ऐकून तर मी पुस्तक उचलून बाहेरच पडले.

बाइंडर काकांनी आधी हात पुसले, पुस्तक उघडलं आणि पहिलाच प्रश्न केला, "ताई, कडेला लिहिलंय, म्हणजे कटिंग नाही ना करायचं?" कारण नंतर कळलं. त्यांच्याकडे गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या बांधायला येतात. कुठल्या गावचं कोण कधी आलं, कुणाचे दिवस केले, याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी. त्यातही नंतरची नावं जागा मिळेल तिथे, कडेलाच लिहिलेली. "एक नाव कापलं तर एक घर गेलं," असं ते अगदी धंद्याची गोष्ट सांगावी तसं म्हणाले. बायबल त्यांनी कधी वाचलेलं नाही, पण आमचं पुस्तक काय आहे हे त्यांना मला समजवावं लागलं नाही.

काम दाखवून करतात. जुनी शिवण उसवून जुज, म्हणजे घडी घालून एकत्र शिवलेल्या पानांचे गठ्ठे, सुटे केले, प्रत्येक जुजाची घडी आतून पातळ कागदाने सांधली आणि पुन्हा जाड दोऱ्याने शिवलं. त्या पातळ कागदाची गंमत : पतंगाचा पांढरा कागद, संक्रांतीनंतर स्वस्तात घेऊन ठेवतात. बायबलचा कागद इतका तलम की दुसरं काही चिकटवलं तर पान फुगतं. पपांनी कधीतरी लावलेला सेलोटेप इस्त्रीच्या नुसत्या धगीने सैल करून सोडवला. पिवळे डाग राहिले, ते राहणार हे आधीच बजावलं होतं. कीड लागू नये म्हणून घालायचं मोरचूद फक्त पुठ्ठ्याच्या खळीत घालतात, आतल्या पानांना साधी खळ. फाटलेली काट तशीच ठेवली. नुसती मागून पट्टी दिली.

आता कुरकुर. आठ दिवस सांगून महिना लावला, आणि फोन उचलत नाहीत. पाठीवरची अक्षरं वाकडी आलीत. रेक्झिनला अजून वास येतो. आणि पाठ सध्या इतकी ताठ आहे की उत्पत्तीचं, म्हणजे अगदी सुरुवातीचं, पान हाताने दाबून धरावं लागतं. वापरून सैल होईल म्हणतात, बघू. बाराशे रुपये घेतले. माझ्या ताईला महाग वाटले, मला नाही.

जाणार असाल तर आधी मोबाइलवर प्रत्येक लिहिलेल्या पानाचा फोटो काढून ठेवा. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे नेऊ नका, तो पुस्तक काचेवर दाबून पाठ मोडतो. देताना आणि घेताना पानं मोजा, काका स्वतःच मोजायला लावतात. पावसाळ्यात तर देऊच नका. गोदावरीचं पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की बाजारात आवराआवर सुरू होते आणि यांचं दुकान जिन्याखाली, म्हणजे सगळ्यात खाली. दिवाळीनंतर द्या, नाताळपर्यंत मिळेल. मिळेल म्हणजे, तुम्ही जाऊन बसलात तर.