पेडल स्टील गिटार घेण्याआधी ती उलटी करून बघा

जुनी पेडल स्टील गिटार विकत घ्यायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी वाद्य उलटं करून त्याची खालची बाजू बघा. विकणारा बघू देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. रत्नागिरीजवळच्या एका गावात माझी पासष्ट हजारांना फसवणूक झाली आहे. करणारा अजून मोकळा आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मी वेंगुर्ल्याची. पेटी लहानपणापासून वाजवते, भजनाला साथ करते. पेडल स्टीलची ओढ मात्र अलीकडची. आडवी ठेवून तारांवर धातूचा बार फिरवत वाजवायची हवाईयन गिटार आपल्याकडे नवी नाही. व्हॅन शिप्ले यांच्या वादनातून ती हिंदी चित्रपटसंगीताच्या श्रोत्यांना माहीत झाली, ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. अमेरिकेत याच वाद्याला पाय आणि पेडल जोडली गेली, तीच पेडल स्टील. १९५४ साली गाजलेल्या एका गाण्यात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबून सूर चढवला, आणि नॅशव्हिल या अमेरिकेतल्या संगीताच्या शहरातले बाकीचे वादक त्या आवाजाच्या मागे लागले. तो आवाज मी ऐकला आणि मला दुसरं काही सुचेना. पण हे वाद्य आपल्याकडे इतकं विरळा आहे, की घेण्याआधी कुणा जाणकाराला दाखवावं तर जवळपास माणूसच नाही. फसवणाऱ्याची सगळी भिस्त यावरच होती.

काका बोटीवर होते, त्यांनी अमेरिकेतून आणलेली ही १९५० सालची, शो-बड कंपनीची पेडल स्टील, असं विकणाऱ्यानं सांगितलं. कोकणात बोटीवरच्या माणसांनी आणलेल्या वस्तू कितीतरी घरांत आहेत, त्यामुळे गोष्ट पटण्यासारखीच होती. (शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांची शो-बड १९५०च्या दशकाच्या मध्यानंतर उभी राहिली. १९५० सालची शो-बड असूच शकत नाही. कुणी तसं म्हणालं, तर पुढचं काही ऐकू नका.)

वाद्य पडवीत चार पायांवर उभं करून ठेवलं होतं. पुढून खालपर्यंत लाल मखमली कापड टाचलेलं, उजव्या टोकाला, जिथे तारा अडकवतात तिथे, चकचकीत झाकण. लाइट गेली होती, म्हणून अॅम्प्लिफायर लावता येणार नाही म्हणाला. मग स्वतः बसला, पेडल दाबत दाबत लांब, सुरेख मींड घेतली. मी बसायला गेले तर म्हणाला, "ताई, तारा फार जुन्या आहेत, तुटल्या तर इथे मिळायच्या नाहीत." पेडल इतकी जड का, असं विचारलं. "खाऱ्या हवेनं जाम झालीत, तेल सोडलंत की सुटतील." आमच्या किनाऱ्यावर बिजागरीपासून सायकलीपर्यंत सगळ्याला गंज चढतो. या उत्तरावर इथला कुणीही माणूस मान डोलावेल. शिवाय गोव्याचं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार, असंही होतंच.

घरी आणल्यावर तेल सोडलं, पेडल खाली गेली. सूर मात्र तसूभर हलला नाही. आमच्याकडे पेट्या दुरुस्त करणारे एक वयस्कर काका आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी वाद्य जमिनीवर पालथं घातलं, बराच वेळ हात फिरवला आणि म्हणाले, "बाय, ह्येका खालती कायच जोडलेला नाय."

खऱ्या पेडल स्टीलचं सगळं मोल त्या खालच्या बाजूला असतं. पेडल दाबलं की उभी सळई आडवा दांडा फिरवते. त्या दांड्यावरचा तुकडा, बेल क्रँक, दुसरी लांब सळई ओढतो, आणि ती उजव्या टोकाच्या चेंजरपर्यंत जाते. चेंजरमध्ये प्रत्येक तारेसाठी स्वतंत्र हलतं बोट असतं. ते सरकलं की तेवढीच तार ताणली जाते, पाय उचलला की सूर जागेवर येतो. माझ्या वाद्याच्या पोटात दोन स्प्रिंगा होत्या, पेडल नुसती वरखाली व्हावीत म्हणून. झाकणाखाली चेंजर नव्हता, लोखंडी पट्टी स्क्रूनं घट्ट बसवलेली होती. तारांखालच्या पट्ट्यांवरची इस्पिक, बदाम, चौकट, किलवर ही शो-बडची ओळखीची चिन्हं नखानं निघून आली, ती स्टिकर होती. साधी हवाईयन गिटार, तिला पाय आणि खोटी पेडल लावलेली.

मग त्या दिवशी ऐकलेली मींड कसली? ती बारची होती. कान इथेच फसतो, म्हणून हे नीट समजून घ्या. बार सरकवला की त्याच्याखालच्या सगळ्या तारा एकत्र चढतात किंवा उतरतात. पेडलनं मात्र ठरलेल्या तारा चढतात आणि बाकीच्या स्थिर राहतात. तेव्हा बार उचलून बाजूला ठेवायला सांगा. दहा तारा लावायच्या नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे ई-नाइन जुळणीत, चौथी, पाचवी आणि सहावी तार म्हणजे ई, बी आणि जी शार्प. ई हा षड्ज धरला तर सा, प, ग. या तिन्ही मोकळ्या तारा छेडा आणि ए आणि बी ही शेजारशेजारची पेडल एकत्र दाबा. सा हलणार नाही, प चा ध होईल, ग चा म होईल. पेटी येणाऱ्या कुणालाही हे क्षणात कळतं, आणि लाइट नसली तरी तारेला कान लावून ऐकू येतं. गुडघ्यानं ढकलायचे लिव्हर असतील तर तेही एकेक करून असेच तपासा.

वाद्य जुनं असेल तर थोडा गंज, एखादी गहाळ सळई, झिजलेला नट हे चालून जाण्यासारखं आहे. मात्र चेंजर आणि त्याची बोटं गंजून एकजीव झाली असतील, तर ते इथे दुरुस्त होईल असं कुणी सांगितलं तरी धरून चालू नका.

त्या माणसाचा फोन दुसऱ्या दिवसापासून बंद आहे. घर भाड्याचं निघालं. पैसे यूपीआयनं दिले होते, त्यामुळे खात्याचा तपशील हाती आहे. तो, व्यवहाराचे स्क्रीनशॉट, वाद्याच्या खालच्या बाजूचे फोटो आणि पेटीवाल्या काकांचा लेखी जबाब जोडून पोलिसांत तक्रार दिली आहे. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. पैसे ऑनलाइन गेले आणि माणूस कधी भेटलाच नाही, असं कुणाच्या बाबतीत झालं असेल, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. माझी रक्कम अजून परत आलेली नाही.

हे आज लिहिण्याचं कारण असं, की लाल मखमली कापडाचा तोच फोटो आता चिपळूणच्या पत्त्यावर, नव्या नंबरानं पुन्हा विक्रीला लागला आहे. वाद्य माझ्या घरी आहे, तो विकतोय फक्त फोटो. फोटोत डाव्या पायाजवळ रंग उडालेला अर्धगोल डाग दिसतो. तो दिसला तर एक रुपयाही आगाऊ देऊ नका. जाहिरातीचा आणि नंबरचा स्क्रीनशॉट काढून मला पाठवा, मी तो तक्रारीला जोडते.