अलिबागचा मुक्काम: किनाऱ्यावरचं जुनं रिसॉर्ट की रस्त्यापलीकडचं नवं हॉटेल?

मुंबईहून गाडीसकट माणसं नेणारी मांडव्याची रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि अलिबाग मुंबईकरांच्या अंगणात आलं. वरसोली, नागाव, किहीमच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत आता व्हिला दिसतात. तरी पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीची रिसॉर्टं टिकून आहेत, ती जागेच्या जोरावर. १९९१ मध्ये सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारे नियम आले आणि गावांच्या हद्दीत भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नवं बांधकाम जवळपास थांबलं. आधीची होती ती राहिली. त्यामुळे सुरूच्या बनातून थेट वाळूत उतरणारं फाटक बहुतेक जुन्याकडेच मिळतं. नव्याच्या जाहिरातीत 'सी व्ह्यू' असेल तर विचारा, समुद्र खोलीतून दिसतो की गच्चीवरून?

खोलीच्या बाबतीत मात्र जुन्याची बाजू लंगडी. खारी हवा सळईपर्यंत पोचली की सळई गंजून फुगते आणि स्लॅबचा गिलावा सुटतो. पलंगाच्या बरोब्बर वर ताजं लिंपण दिसलं तर खोली बदलून मागा. तळमजल्याला ओल चढते, सगळ्यात वरच्याला गळती. मधला मजला असेल तर तोच घ्या. पैसे भरण्याआधी एसी चोवीसवर लावून पंधरा मिनिटं थांबा. बाहेरच्या युनिटची जाळी खारटपणाने झडली असेल तर वारा येतो, गारवा नाही. साबणाला फेस येत नसेल तर पाणी विहिरीचं, मचूळ. त्याचे क्षार गिझरच्या कॉइलवर बसतात आणि पाणी तापायला वेळ लागतो. चौघांची आंघोळ असेल तर तासभर धरून चाला. गादी उचलून वास घ्यायला लाजू नका.

नव्याकडे खोली कोरडी, बाथरूम चकचकीत, बऱ्याच ठिकाणी लिफ्टही. तिथली दुखणी वेगळी. शेजारच्या प्लॉटवर काम चालू असतं आणि सकाळी सकाळी मिक्सर घरघरायला लागतो. बुकिंगआधी आजूबाजूचा आजचा व्हिडिओ मागवा. जनरेटरवर एसी चालतो की नुसते दिवे-पंखे, हेही विचारा. एप्रिल-मेमध्ये पाणी टँकरचं असेल तर तो वेळेवर येतो का, तेही. आणि दर ७,५०० रुपयांच्या वर गेला की जीएसटी ५ ऐवजी १८ टक्के लागतो, म्हणजे ७,४०० आणि ७,६०० मधला फरक दोनशेचा राहत नाही.

जेवणात आम्ही जुन्याला झुकतं माप देऊ. थंडीत आदल्या दिवशी सांगितलं तर वाडीतच पोपटी लावून मिळते: मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, वर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेलं चिकन, तोंडाशी पुन्हा पाला, मग मडकं उपडं करून भोवती जाळ. पाण्याचा थेंबही नाही. नव्याच्या बुफेत हे शोधू नका. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा दोन्हीकडचा पापलेट बहुधा बर्फातलाच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दिवसभर वाळूत लोळणारी मुलं बरोबर असतील तर जुनं. पावसाळ्यात, किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर नवं. एकाच रात्रीसाठी शनिवारी निघत असाल तर वडखळच्या रस्त्यावर रांगेत अडकण्यापेक्षा गाडी रो-रोत घाला.