अलेक्सा स्किलचे हँडलर: पायथनचा क्लास, डेकोरेटर की नोड?

अलेक्सासाठी स्किल (अ‍ॅमेझॉनच्या या आवाजी सहायकावर चालणारं अ‍ॅप) लिहायला बसलं की भाषा कोणती आणि रिक्वेस्ट हँडलर (वापरणाऱ्याच्या मागणीला उत्तर देणारे कोडचे तुकडे) कसे मांडायचे, हे पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं. वीस-पंचवीस हँडलर झाल्यावर मांडणी बदलणं फार जड जातं. माझं मत आधीच सांगते. स्किल वापरणाऱ्याला उलट प्रश्न विचारणार असेल, तर पायथनमध्ये क्लास लिहा नाहीतर नोडमध्ये (म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये) ऑब्जेक्ट. डेकोरेटर (पायथनमध्ये फंक्शनच्या डोक्यावर लिहायची नोंदणीची ओळ) दिसायला सुटसुटीत असतात, पण ते चार-पाच इंटेंटपुरतेच (इंटेंट म्हणजे बोलणाऱ्याचा हेतू) ठेवावेत.

त्याआधी एक पर्याय बाद करून टाकू. नेटवरच्या जुन्या धड्यांत इंटेंटच्या नावाखाली फंक्शन आणि त्यात 'धिस डॉट एमिट' असं दिसलं, की तो धडा बंद करा. ती नोडच्या एसडीकेची (स्किल लिहायला अ‍ॅमेझॉनने दिलेल्या तयार कोडची) पहिली आवृत्ती आहे. २०१८ मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि हँडलरची कल्पनाच बदलली.

या नव्या कल्पनेत प्रत्येक हँडलरला दोन भाग असतात. 'कॅन हँडल' सांगतो की ही रिक्वेस्ट माझी आहे की नाही, आणि 'हँडल' उत्तर तयार करतो. ज्या क्रमाने हँडलर नोंदवले त्याच क्रमाने एसडीके विचारत जातं. पहिला 'हो' म्हणाला की रिक्वेस्ट त्याची, पुढच्यांना विचारलंच जात नाही. तिन्ही पद्धतींतला खरा फरक या क्रमापाशी आहे.

मुलांकडून पाढे घोकून घेणारं स्किल घ्या. (स्किलच्या भाषांमध्ये मराठी नाही, त्यामुळे ते हिंदी किंवा भारतीय इंग्रजीतच करावं लागतं.) मुलाचं उत्तर चुकलं की स्किल विचारतं, 'पुन्हा प्रयत्न करायचा?' पाढा संपला की विचारतं, 'पुढचा पाढा घ्यायचा?' दोन्ही वेळा मूल 'हाँ' म्हणतं आणि दोन्ही वेळा तुमच्याकडे तोच 'येस इंटेंट' येतो. हा होकार कोणत्या प्रश्नाला होता, हे अलेक्सा आपणहून कळवत नाही. प्रश्न विचारताना तुम्हीच सेशन अ‍ॅट्रिब्यूटमध्ये (एका संभाषणापुरती माहिती ठेवायच्या जागेत) खूण ठेवायची आणि 'कॅन हँडल'मध्ये ती तपासायची. म्हणजे एकाच इंटेंटचे दोन हँडलर झाले. शिवाय खूण सापडलीच नाही तर सांभाळून घेणारा तिसरा, आणि हा तिसरा त्या दोघांच्या नंतरच हवा.

डेकोरेटर वापरले तर फाइलमध्ये फंक्शन ज्या क्रमाने लिहिली तोच नोंदणीचा क्रम. उद्या कुणी कोड नीटनेटका करायला म्हणून ती फंक्शन वर-खाली हलवली आणि तिसरा 'येस' वर गेला, की खुणा तपासणाऱ्या दोघांपर्यंत एकही होकार पोचणार नाही. एरर येत नाही, लॉगमध्येही काही दिसत नाही. मूल 'हाँ' म्हणत राहतं आणि स्किल भलतंच बोलत राहतं. फाइल तोडून दोन करायची झाली तर आणखी पंचाईत, कारण स्किल बिल्डरचा (हँडलर ज्याच्याकडे नोंदवतात त्याचा) ऑब्जेक्ट प्रत्येक फाइलमध्ये आणावा लागतो आणि मग कोणती फाइल आधी इम्पोर्ट झाली त्यावर क्रम ठरतो.

क्लास पद्धतीत टंकलेखन जास्त आहे, हे खरं. पण क्लास कुठेही असोत, नोंदणी फाइलच्या तळाशी एका जागी, ओळीने होते. कोड तपासणाऱ्याला क्रम तिथेच दिसतो. नोडमध्ये तर सगळे हँडलर एकाच यादीत एकापाठोपाठ द्यायचे असतात, त्यामुळे क्रम सर्वांत स्वच्छ तिथे दिसतो.

मग नोडच का नको? जावास्क्रिप्ट रोज लिहीत असाल तर नोडच घ्या. फक्त दोन ठिकाणी जपा. इंटेंटचं नाव देणारं नोडचं फंक्शन लाँच रिक्वेस्टवर (स्किल उघडताना येणाऱ्या रिक्वेस्टवर) चालवलं तर सरळ एरर फेकतं. म्हणून आधी रिक्वेस्टचा प्रकार तपासायचा, मग नाव. पायथनमधलं 'इज इंटेंट नेम' प्रकार स्वतःच पाहतं आणि गपचूप 'नाही' म्हणतं. दुसरं म्हणजे 'अवेट', उत्तर येईपर्यंत थांबायला सांगणारा शब्द. डेटाबेसमधून गुण वाचताना ते राहिलं, तर मुलाच्या गुणांऐवजी हातात नुसतं प्रॉमिस, म्हणजे उत्तर पुढे येईल एवढं आश्वासन, येतं. पायथनच्या एसडीकेत हा प्रश्नच येत नाही. नवशिक्याला मी पायथन सुचवते ते यासाठी.

अलेक्सा-होस्टेड स्किलमध्ये (कोड चालवायची जागा अ‍ॅमेझॉनच देतं तिथे) नोड आणि पायथन दोन्ही चालतात. जावाचं एसडीके आहे, पण त्यासाठी सर्व्हर किंवा लॅम्डा (अ‍ॅमेझॉनची कोड चालवणारी क्लाउड सेवा) स्वतःचा लागतो. एसडीके न घेता स्वतःच्या सर्व्हरवर जेसन (रिक्वेस्ट ज्या मजकुराच्या रूपात येते तो) वाचून इफ-एल्स लिहायचा विचार असेल, तर रिक्वेस्टची सही आणि १५० सेकंदांच्या आतला टाइमस्टॅम्प हे दोन्ही तुम्हालाच तपासावं लागेल. हे काम अंगावर घेऊ नका.

वेळेचं बंधन सगळ्यांना सारखंच. अलेक्सा उत्तराची वाट साधारण ८ सेकंद पाहते. स्वतःचं लॅम्डा वापरत असाल तर त्याची मूळ मुदत ३ सेकंदच असते, ती वाढवून घ्या.

क्लासचा एक धोका मात्र सांगायलाच हवा. हँडलरचा ऑब्जेक्ट एकदाच तयार होतो आणि लॅम्डा गरम, म्हणजे आधीच्या रिक्वेस्टनंतर चालू ठेवलेला, असेपर्यंत तोच पुढच्या रिक्वेस्टलाही वापरला जातो. मुलाचे गुण 'सेल्फ'मध्ये, म्हणजे या ऑब्जेक्टमध्येच, ठेवले, तर ते दुसऱ्या घरातल्या मुलाला ऐकू येऊ शकतात. गुण, खूण, चालू पाढा, सगळं सेशन अ‍ॅट्रिब्यूटमध्येच ठेवा. डेव्हलपर कन्सोलच्या सिम्युलेटरमध्ये ही चूक सहसा पकडली जात नाही, कारण तिथे बोलणारे तुम्ही एकटेच असता. दोन वेगळ्या सेशन आयडींच्या रिक्वेस्टचं जेसन साठवून ठेवा, एकाच चालू प्रोसेसला आलटून पालटून पाठवा आणि दुसऱ्या सेशनचे गुण शून्यापासून सुरू होतात का ते बघा.