आंबा, दाजीपूर की गगनबावडा? नदीकाठी तंबूत राहायचं ठरवताना

दिवाळी सरली, ऊसतोड सुरू झाली की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "घाटाकडं टेंटमध्ये राहायला जायचंय, कुठं जाऊ?" मी आधी उलट विचारतो, सोबत कोण आहे? दुसरा प्रश्न, पाण्याच्या किती जवळ झोपायचं मनात आहे? या दोन उत्तरांवर जागा आपोआप ठरते. जागांची आपल्याकडं वाण नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या पंचगंगेला मिळणाऱ्या नद्या सगळ्या पश्चिमेच्या डोंगरातूनच उतरतात. कोल्हापुरातून त्या बाजूला कुठल्याही रस्त्यानं निघा, दीड-दोन तासांत डोंगर आणि पाणी दोन्ही समोर येतं.

आधी तंबूचं बोलू. ज्याला ग्लॅम्पिंग म्हणतात तो कॅनव्हासचा मोठा उभा तंबू. आत पलंग-गादी, मागं जोडलेलं संडास-बाथरूम, लाईट, वेळेवर ताट. दुसरा प्रकार म्हणजे आपला डोम टेंट पाठीवर मारून जाणं. संध्याकाळी दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही, उलट स्वतः उभारलेल्या तंबूचाच आनंद मोठा वाटतो. फरक कळतो पहाटे तीनला. डिसेंबरात नदीकाठी दव इतकं पडतं की बाहेर ठेवलेले बूट ओलेचिंब होतात. तंबूत श्वासाची वाफ आतल्या कापडावर थेंब धरते, झोपेत खांदा कापडाला टेकला की स्लीपिंग बॅग भिजलीच. वरचं कापड ताणून बांधलं आणि जाळीची झडप चार बोटं उघडी ठेवली तर हा त्रास बराच कमी होतो. पण थंडी वाजली की माणूस नेमकी तीच झडप बंद करतो. सोबत लहान मूल किंवा सत्तरीतली आजी असेल तर ही रात्र त्यांच्यावर लादू नये. तिथं सरळ तयार तंबू घ्यावा, पैसे सार्थकी लागतात.

अशा कुटुंबाला मी आंब्याला, म्हणजे आंबा घाटाच्या माथ्यावरच्या गावी पाठवतो. रत्नागिरीचा हमरस्ता, गाडी दारापर्यंत, राहायच्या सोयी भरपूर. जवळ मानोलीचं धरण आहे, विशाळगड आणि पावनखिंड एका दिवसात होतात. १६६० च्या जुलैत बाजीप्रभूंनी लढवलेली खिंड मुलांना दाखवायची तर मुक्कामाला यापेक्षा सोयीची जागा नाही. एक उणीव मात्र आहे. इथं जंगल आणि डोंगर भरभरून मिळतात, नदी तेवढी मिळत नाही. रात्रभर पाण्याचा आवाज ऐकायचा असेल तर आंबा तुमच्यासाठी नाही.

दाजीपूरचा मामला वेगळा. ते राधानगरी अभयारण्यात येतं. हे अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं, १९५८ पासून गव्यांसाठी राखलेलं, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत. एका अंगाला भोगावतीवरचं राधानगरी धरण, दुसऱ्या अंगाला दूधगंगेवरचं काळम्मावाडी. पाणी आणि जंगल असं शेजारी शेजारी जिल्ह्यात दुसरीकडं क्वचितच दिसेल. म्हणूनच पोरांना वाटतं, जलाशयाच्या काठावर तंबू ठोकावा. तो ठोकायचा नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय जाणं आणि आग पेटवणं दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, संध्याकाळी पाण्यावर येणारा गवा आपल्या वाटेत तंबू बघून काय करील याची परीक्षा कशाला घ्यायची? दाजीपूरला जायचं तर मुक्काम हद्दीबाहेर, परवानगी असलेल्या ठिकाणी करावा आणि पहाटे रीतसर वनखात्याच्या फाटकातून आत जावं. मेच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या तोंडावर गेलात तर काजवे दिसतात. अख्खं झाड एका लयीत विझतं आणि पेटतं. ते बघायला जाणाऱ्यानं टॉर्च खिशातच ठेवावी.

स्वतःचा तंबू घेऊन निघालेल्या चार मित्रांना मात्र मी गगनबावडाच सांगतो. अंतर ५५ किलोमीटरच्या आसपास, रंकाळा स्टँडवरून एसटी मिळते. कळे, साळवण, असळज करत रस्ता कुंभीच्या खोऱ्यातून चढत जातो. लखमापूरला तिच्यावर धरण आहे. जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस याच तालुक्यात पडतो, म्हणून जानेवारीतही ओढ्यांना पाणी असतं. पळसंब्याला रामलिंगाची कोरीव मंदिरं थेट ओढ्याच्या पात्रातच आहेत, तिथं दुपार कशी जाते कळत नाही. सकाळी गगनगडावर चढलात की एकीकडं करूळ आणि दुसरीकडं भुईबावडा असे दोन्ही घाट खाली कोकणात उतरताना दिसतात. हवा स्वच्छ असली की नजर पार लांबपर्यंत जाते.

इथं रिकामी दिसणारी जमीन कुणाची तरी असतेच. गावात जाऊन मालकाला विचारावं, "मामा, एक रात्र माळावर थांबू का?" सहसा नाही म्हणत नाहीत. आपणच वर विचारावं, जेवणाची सोय होईल का. नाचणीची भाकरी, खर्डा आणि गरम आमटी मिळाली तर स्टोव्हचं ओझं वाचतं आणि चार पैसे त्या घरात जातात. वाटेत गुऱ्हाळ चालू दिसलं तर काकवीची बाटली घ्यायला विसरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तंबू कुठल्याही नदीकाठी लावा, पण आधी विचारा, वर धरण आहे का? असेल तर कोरडा वाळूचा पट्टा किंवा सपाट खडक झोपायला निवडू नका. हिवाळ्यातही शेतीसाठी नाहीतर वीजनिर्मितीसाठी पाणी सोडतात, आणि खाली बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असले की ते तुंबून मागं पसरतं. एका जानेवारीत आम्ही धरणाखालच्या अशाच एका पट्ट्यावर चूल मांडली होती. झोपायला वर बांधावर गेलो, तेही एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं दटावलं म्हणून. सकाळी चुलीचे तीन दगड पाण्याखाली होते आणि अर्धी जळालेली ढलपी कडेच्या झुडपात अडकली होती. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. तेव्हापासून मी काठावरच्या झुडपांत अडकलेला पालापाचोळा बघतो, पाणी कुठवर चढतं ते त्यावरून कळतं. त्या खुणेच्याही दोन पुरुष उंच वर तंबू लावतो. लांबून येणारा पाण्याचा आवाज झोपायला पुरतो. थंडीही वर कमी लागते, कारण गार हवा रात्री खाली पात्रात उतरून बसते.

हाच प्रश्न तयार तंबूवाल्यालाही विचारावा. फोटोत पाण्याला लागून दिसणाऱ्या तंबूची भुरळ पडते. त्याला विचारा, पावसाळ्यात पाणी कुठवर येतं, संडास किती तंबूंना मिळून आहे, गरम पाणी किती वाजेपर्यंत, दर माणशी की तंबूमागं, आणि स्पीकर किती वाजता बंद होतो. शेवटच्या प्रश्नावर जो गडबडतो त्याच्याकडं मी जात नाही. एवढ्या लांब जाऊन लग्नाच्या वरातीतलीच गाणी ऐकायची असतील तर घर काय वाईट?

पोहण्याबद्दल एकच सांगतो, जलाशयात उतरू नका. काठाला गाळ असतो आणि पुढं तळ कुठं संपतो ते वरून दिसत नाही.

आणि निघताना वेळ साधा. हंगामात अंधार पडला की या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या असतात. मागं लाल दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, वळणावर अचानक समोर उभ्या राहतात. गगनबावड्याला जायचं असलं की मी तीनच्या आत कोल्हापूर सोडतो. साडेपाचला, उजेड असतानाच, खुंट्या ठोकून झालेल्या असतात.