सर्वेक्षण की मिस्त्री? जुनी गाडी घेताना कोणाचं ऐकावं

भाच्याला पाच वर्षं वापरलेली जपानी सेडान घ्यायची आहे. परवा इंदूरच्या छप्पन दुकानवर पोहे-जिलबी खाताना त्याने मोबाइल पुढे धरला. "मामा, भरवशाच्या गाड्यांच्या अमेरिकेतल्या सर्वेक्षणात ही कंपनी वर आहे. तिथले लोक तरी निःपक्षपाती असतील ना?"

मी विचारलं, कुठलं सर्वेक्षण? कारण दोन नावं एका दमात घेतली जातात आणि दोघांचं पोट वेगवेगळ्या ठिकाणी भरतं. कन्झ्युमर रिपोर्ट्स ही १९३६ सालची ना-नफा संस्था. जाहिरात घेत नाही, चाचणीच्या गाड्या पदरच्या पैशाने विकत आणते. जे. डी. पॉवर (१९६८) हा सरळ धंदा आहे. आकडेवारी गाड्या बनवणाऱ्यांनाच विकायची, आणि मिळालेला पुरस्कार जाहिरातीत मिरवायचा असेल तर त्याचेही पैसे घ्यायचे.

म्हणून पॉवरवाले विकले गेलेत, असं मात्र मी म्हणणार नाही. कारखाने त्याच आकड्यांवरून आपल्या चुका शोधतात. खोटे आकडे विकत घेऊन त्यांना काय करायचंय? माझी तक्रार मोजण्याबद्दल आहे. दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी, हा त्यांचा हिशोब. त्यात फोन ब्लूटूथला जोडला जात नाही ही एक तक्रार आणि गिअरबॉक्स बसला हीसुद्धा एकच! कन्झ्युमर रिपोर्ट्स मोठ्या बिघाडाला जास्त वजन देते.

तिथेही सगळं सोवळ्यातलं नाही. प्रश्नावली जाते ती आपल्याच सभासदांना. शिवाय टोयोटाचं नवं मॉडेल आलं की आकडे हाती येण्याआधीच ते भरवशाचं धरलं जाई. २००७ साली सहा सिलिंडरची कॅमरी आणि टुंड्राचं एक मॉडेल घसरलं, तेव्हा त्यांनीच ही सवलत बंद केल्याचं जाहीर केलं. हे मला आवडलं.

जर्मनीतल्या एडीएसी या वाहनचालकांच्या क्लबची तऱ्हा निराळी. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीसाठी त्यांची माणसं धावतात आणि त्या नोंदींवरूनच यादी बनते. मालकाचं मत कोणी विचारतच नाही. पण याच संस्थेने लोकप्रिय गाडीच्या पुरस्कारात ३,४०९ मतांची ३४,२९९ केली आणि २०१४ मध्ये ते उघडकीला आलं. बिघाडाची यादी वेगळी, मान्य. पण नाव एकच ना!

आता इंदूरचं. तिकडच्या गाडीचं नाव आणि इकडच्या गाडीचं नाव एक असलं, तरी इंजिन तेच असेल असं नाही. ते जुळत नसेल तर तिकडची यादी बाजूला ठेवावी. मग उरतो मिस्त्री. तोही एकतर्फीच, कारण त्याच्या दारात फक्त बिघडलेल्या गाड्या येतात. पण त्याला यादीतली नाही, हीच गाडी खालून दिसते. एका गाडीपुरतं मी त्याचंच ऐकेन.

रविवारी भाचा त्याला घेऊन गाडी बघायला जाणार आहे. विकणाऱ्याला आधीच फोन करून सांग म्हटलं, आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका; थंड इंजिन सुरू होताना मिस्त्रीला ऐकायचंय.